काल्याच्या कीर्तनाची कॅसेट

रखमाजी विणेकऱ्याच्या घरावर जमाव चालून आला तेव्हा म्हातारा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. पहिला दगड पत्र्यावर वाजला, दुसरा त्याच्या कपाळावर बसला. मग चौघांनी त्याला धरलं, त्याचा उजवा हात उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि काठीनं मोडला. ‘ह्याच हातानं मारलंस ना बुवांना?’ असं विचारत विचारत मोडला. घराला आग लावली. शेरडं दाव्याला बांधलेली तशीच जळाली. नातसुनेनं मागच्या कुडातून म्हाताऱ्याला ओढून काढलं, एका टेम्पोत टोमॅटोच्या क्रेटांमागं निजवलं आणि शहराची वाट धरली. पण म्हातारा दवाखान्यात जायला तयार होईना. त्याला आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं होतं.

“टेकाळ्याची पोरगी हाय तिथं,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “तिच्याकडं खरी कॅसेट हाय.”

देवठाण्याच्या लोकांनी त्या सकाळी जे पाहिलं होतं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं होतं. सोपानबुवांच्या हत्येचा व्हिडिओ. बुवांची पुण्यतिथी जवळ आली म्हणून ‘दर्शनी’ या स्ट्रीमिंगवाल्या कंपनीनं त्यांचं शेवटचं कीर्तन पुन्हा वर आणलं. आजवर ते कीर्तन धूसर होतं, मांडवात अंधार आणि मारामारीत नुसत्या सावल्या. या वेळी ते लख्ख दिसत होतं. बुवांच्या मागं उभा असलेला तरुण रखमाजी दोन्ही हातांनी काठी डोक्यावर उगारतो आणि बुवा कोसळतात. बुवांना कुणी मारलं हा गावातला जुना प्रश्न सुटला, असं सगळ्यांनी धरून चाललं. काडेपेट्या काढायला तेवढं पुरे झालं.

मोहिनी टेकाळे ग्रंथालयाच्या दृक्‌श्राव्य विभागाची प्रमुख होती. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, ओल येऊ नये म्हणून सतत घरघरणारं यंत्र आणि लोखंडी कपाटांत उभ्या रचलेल्या कॅसेटी. कुलसचिवांनी तिला कितीदा तरी तोंडी बजावलं होतं की सगळं आता स्ट्रीमिंगवर आहे, हा कचरा काढा, खोली परीक्षा विभागाला हवी आहे. दर वेळी ती बरं म्हणायची आणि मोडक्या व्हीसीआरमधून रबरी चाकं काढून धडधाकट व्हीसीआरला बसवायची. तिला कुणी विचारलं की पट्टी कशाला जपतेस, तर ती फार बोलत नसे. पण त्याचं उत्तर सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकणार नाही, म्हणून ते इथंच सांगून टाकतो.

व्हिडिओ साठवायला वीज लागते, यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं, आणि जगात व्हिडिओ इतके झाले की दोन्ही पुरेनात. तेव्हा कंपन्यांनी चित्र साठवणं सोडलं आणि त्याचं बीज साठवायला सुरुवात केली. बीज म्हणजे वर्णन. इथं मांडव, इथं एवढी माणसं, याचा हात वर, त्याचा चेहरा असा. आपण व्हिडिओ मागितला की यंत्र ते वर्णन वाचतं आणि चित्र नव्यानं उगवून आणतं. जगभरची अगणित चित्रं त्यानं आधी पाहिलेली असतात, त्यामुळं वर्णनात जे नाही ते अंदाजानं भरतं. पडद्याची चुणी दर वेळी वेगळी पडते, झाडाला पानं कमीजास्त होतात, पण कुणाच्या लक्षात येत नाही. मूळ चित्र जितकं धूसर, तितका यंत्राचा अंदाज मोठा, आणि अंदाज जितका मोठा तितकं चित्र स्वच्छ. पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय साफ केलंय.

कॅसेटच्या पट्टीचं तसं नाही. पट्टीवर लोखंडाच्या गंजासारखी बारीक पूड असते. कॅमेऱ्यात उजेड आणि आवाज शिरतो तसे त्या पुडीतले कण चुंबकानं वळतात आणि वळलेले तसेच राहतात. काठी काय नि वीणा काय, पट्टीला कळत नाही. कळत नसल्यामुळं ती मनचं काही घालत नाही. बुरशी धरते, झिजते, तुटते, पण जोवर आहे तोवर त्या दिवशीचंच काय ते सांगते.

नातसुनेनं रखमाजीला आत आणलं तेव्हा मोहिनीनं आधी कार्डबोर्डची पट्टी लावून त्याचा हात बांधला. हाड कातडीखाली टोचत होतं. रखमाजी कण्हला नाही. तो कपाटांकडं बघत होता.

“काका, आधी दवाखान्यात चला.”

“ती लाव, ताई. माह्या डोळ्यानं बघू दे. मलाच आता शंका यायली.”

मोहिनी देवठाण्याचीच. ते कीर्तन झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती, मांडवात बायकांमध्ये बसलेली. धावपळीत ती आईपासून सुटली आणि तिच्या थोरल्या भावानं, अंकुशदादानं, तिला खांद्यावर टाकून घरी नेलं. त्याचा सदरा रक्तानं भिजला होता आणि तो वाटभर रडत होता. बुवांना उचलताना रक्त लागलं, असं त्यानं आईला सांगितलं. वडील नव्हते, त्यानंच तिला वाढवलं. स्वतः शाळा सोडून तिला शिकवलं. दर वर्षी बुवांच्या नावानं सप्ताह उभा केला तोही त्यानंच. आज तो अंकुशराव टेकाळे होता, सप्ताह समितीचा अध्यक्ष, आणि बुवांना न्याय मागणाऱ्या जमावाच्या अग्रभागी त्याची जीप होती, हे तिनं सकाळीच फोनवर पाहिलं होतं.

त्या कीर्तनाची मूळ कॅसेट विभागाच्या कपाटात होती, पण तिनं ती आजवर लावली नव्हती. आधी भीतीनं लावली नाही, आणि पुढं पट्टीवर पांढरी बुरशी चढली म्हणून. आता तिनं कॅसेटचं पोट उघडलं आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ कापडातून पट्टी हळूहळू ओढून घेतली. बाहेर फाटकाकडून ओरडणं ऐकू येऊ लागलं होतं. टेम्पोचा माग काढत लोक शहरात पोचले होते. पहारेकऱ्यानं फाटक लावलं म्हणून त्याचं डोकं फोडलं. तो पायरीवर रक्त पुसत बसला आणि मोहिनीनं मुख्य दाराची जाळी ओढून कुलूप घातलं. पोलिसांना फोन केला. निघतो म्हणाले.

मग तिनं कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली.

आधी बर्फ पडल्यासारखे ठिपके. मग चित्र थरथरत उभं राहिलं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाचं सकाळचं काल्याचं कीर्तन. मांडवामागून ऊन येत होतं, त्यामुळं माणसं काळवंडलेली. पण आवाज काय होता! मृदंगाची थाप पोटात उतरत होती. टाळकऱ्यांची रांग एकाच वेळी डावा पाय टाकून पुढं झुकत होती आणि मधोमध सोपानबुवा, बारकेसे, घामानं ओले. कृष्ण आपली शिदोरी सगळ्यांच्या शिदोऱ्यांत कालवतो, कुणाची भाकरी कुणाची ते मग ओळखू येत नाही, हे सांगताना बुवा एकदम हसले. ते हसणं असं की ऐकणाऱ्याच्या छातीतली गाठ सैल व्हावी. बुवांच्या मागं रखमाजी वीणा घेऊन उभा होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि त्या वर्षी बुवांनी ती पहिल्यांदाच गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाच्या गळ्यात घातली होती. गावातल्या बड्या लोकांना ते खुपलं होतं.

“हा मी,” रखमाजी म्हणाला. “वीणा हाय माह्याकडं. दिसली का? भोपळा चमकायला बघ.”

दिसली. मोहिनीनं श्वास सोडला.

मग चित्र हललं. डाव्या बाजूनं चार-पाच जण मांडवात घुसले. टाळ तुटक वाजू लागले. सगळ्यांच्या पुढं एक पोरगा होता, हातात मांडवाच्या खुंट्या ठोकायची पहार. तो बुवांकडं नाही, रखमाजीकडं धावत होता. बुवा दोघांच्या मध्ये आले. त्यांनी हात आडवा केला आणि गर्दीच्या गलक्यातून त्यांचा आवाज स्वच्छ आला, ओरडणारा नाही, समजावणारा.

“अंकुशा, पोरा, वीणेला लागंल.”

पहार खाली आली. नारळ फोडावा तसा आवाज झाला. बुवा गुडघ्यावर आले आणि कलंडले. पहार पुन्हा वर गेली नाही. त्या क्षणी कनात वाऱ्यानं उडाली, ऊन पोराच्या तोंडावर पडलं, आणि मोहिनीला तिचा दादा दिसला. एकोणीस वर्षांचा, तोंड वेडंवाकडं करून रडणारा. त्याच्यामागून बाकीचे रखमाजीवर तुटून पडले. लाथा, टाळांचे फटके, चपला. रखमाजीनं स्वतःला वाचवायला हात वापरलेच नाहीत. त्यानं गळ्यातून वीणा काढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली, कुणाचा धक्का लागू नये, भुईला टेकू नये म्हणून. मार खात तो तसाच उभा राहिला.

यंत्रानं हेच पाहिलं होतं. धूसर गर्दीत उगारलेले दोन हात आणि लांब दांडा. त्यानं दंगलींची लाखो चित्रं पाहिली होती, त्यांत असा दांडा म्हणजे काठीच. मार खाणारा माणूस वाद्य जपेल हे त्याच्या अंदाजात कुठून बसावं? पण देवठाण्याच्या लोकांना तरी कळायला हवं होतं की विणेकऱ्याच्या हातात वीणा असताना काठी येणार कुठून. पिढ्यान्‌पिढ्या सप्ताह करणारं गाव पडदा पाहून स्वतःची रीत विसरलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मोहिनी म्हणाली. “मग इतकी वर्षं का नाही सांगितलं?”

“सांगितलं की. पाटलाला, फौजदाराला. माह्यासारख्याचं कोण ऐकतं? मंग तू लहान व्हतीस आन्‌ तुह्या घरात कमावता तेवढाच व्हता. सोडून दिलं.”

तेवढ्यात बाजूच्या दारावर थाप पडली. दादा एकटाच होता. त्यानं जमावाला फाटकाशी थांबवलं होतं, बहिणीशी बोलून येतो म्हणून. तिनं त्याला आत घेतलं. आजवर तिनं त्याला कधी दाराबाहेर उभं केलं नव्हतं आणि सवय एका दुपारीत सुटत नाही.

अंकुशरावांनी जमिनीवर टेकून बसलेल्या रखमाजीकडं पाहिलं आणि नजर वळवली. कॅसेट दे आणि घरी जा, तुझ्या केसालाही कुणी धक्का लावणार नाही, असं त्यांनी तिला शांतपणे सांगितलं. रखमाजीचं काय, हे तिनं विचारलं. त्यांनी कॅसेटसाठी हात पुढं केला.

“दादा, मी पाहिली कॅसेट. आत्ताच.”

ते स्टुलावर बसले. टोपी काढून त्यांनी हातात फिरवली.

“मला बुवांना मारायचं न्हवतं, मोने.”

“माहीत आहे. यांना मारायचं होतं.”

“मोठ्या माणसांनी पुढं घातलं. म्हणाले, वीणा काढून घे त्याच्या हातातून, न्हाईतर बांगड्या भर. मी पोरगा व्हतो. आन्‌ हे आत्ताचं मी कुठं केलं? यंत्रानं केलं. मी निस्ता गप बसलो.”

“घर पेटलं तेव्हाही?”

“तुला कुणी शिकवलं? ह्या खुर्चीवर तुला कुणी बसवलं, सांग. आईनं मरताना माह्या हातात हात दिला तुझा. आन्‌ तू भावाला फाशी देणार, ह्या माणसासाठी?”

 त्याचा शब्दन्‌शब्द खरा होता. समोर दोन माणसं होती. एकानं तिला खांद्यावर वाहून घरी आणलं होतं, आणि दुसऱ्याचं घर आज तिच्या गावानं जाळलं होतं. जाळीवर दगड बसू लागले. काच फुटली. ‘म्हाताऱ्याला बाहेर काढा’ असा घोष उठला. पोलिसांचा पत्ता नव्हता. कॅसेट बाहेर गेली नाही तर रखमाजी बाहेर जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

तिनं पट्टी मागं गुंडाळली. टीव्ही आणि व्हीसीआर ठेवलेली चाकांची गाडी ढकलत ती मुख्य दारासमोरच्या दालनात गेली, आणि वायर लांब करून ग्रंथालय बंद होत असल्याची सूचना देणाऱ्या पोर्चमधल्या कर्ण्याला जोडू लागली. अंकुशराव मागून आले. त्यांनी तिचा दंड धरून तिला फिरवलं आणि कानाखाली मारली. ती कपाटावर आदळली, पुस्तकं धडाधड अंगावर कोसळली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिच्यावर हात उचलला होता. मारून तेच थिजले. तेवढ्या वेळात ती रांगत गाडीपाशी पोचली आणि तिनं बटण दाबलं.

कर्ण्यातून मृदंग घुमला. सोपानबुवांचा आवाज फाटकावरून पार रस्त्यापर्यंत गेला. दगड थांबले. जमावातल्या काही म्हाताऱ्यांचे हात आपोआप टाळीसाठी वर आले, कारण तो आवाज त्यांनी तरुणपणी ऐकला होता. लोक फुटक्या काचांपाशी येऊन टीव्हीकडं बघू लागले. बुवा हसले तेव्हा कुणीतरी हुंदका दिला. तो आवाज ऐकून अंकुशरावही जागचे हलले नव्हते. मग गलका, आणि मग ते वाक्य.

“अंकुशा, पोरा, वीणेला लागंल.”

अंकुशरावांनी भिंतीवरचं आगविझव्याचं लाल नळकांडं उपसलं आणि दोन्ही हातांनी व्हीसीआरवर आदळलं. एकदा, दोनदा, पुन्हा. प्लास्टिकच्या चिंध्या उडाल्या. पट्टी आतल्या चक्रात गुंतून कराकरा चुरगळली आणि नेमकी तिथंच तुटली. ते हातात आगविझवं धरून उभे राहिले आणि जाळीपलीकडची माणसं त्यांच्याकडं बघत राहिली. आता कुणाला काही समजावून सांगायचं उरलं नव्हतं.

जाळी उखडायला त्यांना फार वेळ लागला नाही. सकाळी रखमाजीचा हात मोडणारे तेच हात अंकुशरावांच्या गळपट्टीला पडले. त्यांना पायऱ्यांवरून फरफटत नेलं. ज्याला जे हाती लागलं त्यानं मारलं, आगविझव्यानंही. मोहिनी मध्ये शिरली, तिच्या दोन बरगड्या गेल्या. मी कॅसेट मारायला नव्हती दाखवली, थांबवायला दाखवली, हे ती ओरडून सांगत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा अंकुशराव जिवंत होते. कंबरेखाली मात्र त्यांचं शरीर कायमचं गेलं.

पुढं खटला उभा राहिला. तोवर ‘दर्शनी’वाल्यांनी दिलगिरी व्यक्त करून बीज दुरुस्त केलं होतं. बातम्यांतून नवी माहिती यंत्रात घातली आणि व्हिडिओ पुन्हा उगवून आणला. तो कोर्टातल्या मोठ्या पडद्यावर लावला गेला. असं चित्र पुरावा म्हणून चालतं, असा कायदाही नुकताच झाला होता. आता रखमाजीच्या हातात वीणा होती. अंकुश लख्ख उजेडात पुढं येत होता. हातात कुऱ्हाड. बुवांवर तो तीन घाव घालत होता आणि घाव घालताना हसत होता. कोर्टात बसलेल्या बायकांनी डोळे झाकले. बुवांच्या तोंडी काहीच नव्हतं, नुसती किंकाळी होती.

मोहिनीनं साक्षीत सांगितलं की मारणारा हाच, पण हे चित्र त्या दिवसाचं नाही. सरकारी वकील वैतागले. गुन्हेगार बरोबर आहे, आरोपीला गुन्हा कबूल आहे, मग बाईंना नेमकं काय हवंय? मूळ पट्टी दाखवा म्हणाले. तिनं काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून ठेवलेला चुरगळलेला तुकडा पुढं केला. बुवांचं वाक्य, पहार आणि ऊन तोंडावर पडलं तो क्षण, सगळं त्या तुकड्यात होतं, पण चुंबकाचे कण झडून गेले होते. त्यातून आता कुणालाच काही काढता येणार नव्हतं. आरोपी तुमचा भाऊ आहे, एवढं वकिलांनी न्यायाधीशांच्या लक्षात आणून दिलं आणि तिला बसायला सांगितलं.

मग रखमाजी उभा राहिला. त्याच्या वस्तीतली पोरं मागं दाटीनं बसली होती. त्यांनी म्हाताऱ्याला वाटेत बजावलं होतं की व्हिडिओ आपल्या बाजूचा आहे, काही वेगळं बोलू नकोस, नाहीतर तो दयेवर सुटेल. वाकडा सांधलेला हात पोटाशी धरून रखमाजीनं पडद्यावरच्या थांबवलेल्या चित्राकडं पाहिलं.

“मारलं ह्यानंच. पर हातात पहार व्हती. एकच घाव घातला. आन्‌ हा हसत न्हवता, साहेब. रडत व्हता.”

मागून कुणीतरी दात ओठ खाऊन त्याचं नाव घेतलं. न्यायाधीशांनी विचारलं की आजोबा, तुमचं घर गेलं, हात गेला, तो रडत होता की हसत होता यानं तुम्हाला काय फरक पडतो?

“मला न्हाई पडत. पर बुवांचं शेवटचं बोलणं एका रडणाऱ्या पोराशी हाय. ह्या हसणाऱ्याशी न्हाई. ह्याला काढा आन्‌ त्यांचं वाक्य तेवढं लिहून घ्या.”

न्यायाधीशांनी वाक्य विचारलं. रखमाजीनं ते सांगितलं, बुवांच्याच चालीत, हळू. चाकांच्या खुर्चीतल्या अंकुशरावांनी मान वर केली. गलक्यात, डोक्यात रक्त चढलेलं असताना, त्या दिवशी ते त्यांनी ऐकलं नव्हतं. ग्रंथालयातही यंत्र फोडायच्या घाईत आपलं नाव तेवढं कानावर पडलं होतं. बुवांनी मरताना आपल्याला शाप दिला असणार, असं धरून त्यांनी इतके सप्ताह घातले होते.

ते रखमाजीकडं बघत राहिले. कोर्टाच्या छताखालचा कॅमेरा सगळं टिपत होता, बीज करायला. मोहिनीनं पापणी न लववता भावाचा चेहरा पाहून घेतला, कारण तो जसा होता तसा आता तिलाच ठेवायचा होता.